तीन नव्या तारा, एक जुनी

ताईला "आता पुरे" म्हटलेलं खपत नसे. जेवताना वाढणाऱ्याने म्हटलं तरी ती हट्टाने आणखी दोन घास मागून घेई, मग पोटात जागा असो की नसो. तेव्हा बँडमास्तरने हेच चारचौघांत, स्टेजच्या पायऱ्यांवर उभं राहून म्हटलं तर काय होईल, हे त्याला एकतीस वर्षांच्या ओळखीनंतर कळायला हरकत नव्हती. पण मास्तरला सूर लवकर कळत, माणसं उशिरा.

ताई म्हणजे बाजारातल्या कुलूप-किल्लीच्या दुकानाची अर्धी मालकीण. उरलेलं अर्धं धाकट्या भावाचं, असं कागदावर होतं; दुकानात पाऊल टाकणाऱ्याला मात्र सगळं ताईचंच वाटे. वय एकसष्ट. शेजारचा सत्तरीचा घड्याळवालासुद्धा तिला ताईच म्हणायचा. आठवडाभर ती किल्ल्या कापायची, अडलेली कुलपं उघडायची, आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ नाचाच्या हॉलमध्ये बेस गिटार वाजवायची. चार जाड तारा, लांबलचक दांडी, आणि आवाज असा खर्जातला की कानांपेक्षा तळपायांना आधी कळावा.

बेस वाजत असतो तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. गायिकेला टाळ्या मिळतात, ट्रंपेटवाल्याला शिट्ट्या मिळतात, आणि बेसवालीला, कार्यक्रम संपल्यावर, "तुम्ही काय वाजवता?" असा प्रश्न मिळतो. पण तो आवाज मध्येच नाहीसा झाला की नाचणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. त्या शनिवारी तेच झालं. एका जलद गाण्यात ताईच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडलं आणि वळेचना. दोन-तीन क्षण खालून काहीच आलं नाही. फरशीवरच्या जोड्या अडखळल्या. दर शनिवारी न चुकता येणारं एक म्हातारं जोडपं एकमेकांवर आदळलं, आणि म्हातारा बायकोची माफी मागू लागला. चूक त्याची नव्हती. ताईने ते स्टेजवरून पाहिलं आणि तिला आपल्या बोटांपेक्षा ते जास्त दुखलं.

कार्यक्रम संपल्यावर मास्तरने तिला गाठलं.

"ताई, आता पुरे कर. किती छळशील त्या हाताला? मी कीबोर्डवर असतोच, माझ्या डाव्या हाताला तसं काही काम नसतं. खालचे सूर मी सांभाळीन. तू गाण्यांच्या वह्या बघ, गाणी जाहीर कर. खुर्चीवर आरामात बसायचं. मानाचं काम आहे."

"वह्या बघू?" ताई म्हणाली. "एकतीस वर्षं तुझी लय मी सांभाळली, आणि आता वह्या सांभाळू?"

ड्रमवाला आपल्या झांजा पुसत होता, तो आणखी जोरात पुसू लागला. या दोघांच्या मध्ये पडायचं नाही, हे तो फार पूर्वी शिकला होता.

"तुझ्याच भल्यासाठी सांगतोय गं."

झालं. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "महिनाअखेरीला जोड्यांची स्पर्धा आहे ना? तीन तास, मध्ये सुट्टी नाही. मी वाजवीन. एक सूर चुकला, एक, तर मी स्वतः गिटार पेटीत घालून तुझ्या वह्या घेऊन बसेन. बोल."

मास्तरला बोलायला तिने जागाच ठेवली नव्हती. घरी जाताना मात्र गिटारची पेटी या हातातून त्या हातात घेत ताईने स्वतःला चार शिव्या दिल्या. एक सूर! तीन तासांत एक सूर कुणाचा चुकत नाही?

ती गिटार तिच्याकडे आली तीही विचित्रच वाटेने. ताई तेव्हा तिशीच्या आत होती आणि वडील हयात होते. कुणीतरी एक लांब काळी पेटी दुकानात आणून टाकली: किल्ली हरवलीय, उघडून ठेवा, उद्या येतो. तो उद्या कधी उजाडलाच नाही. वडिलांनी दोन वर्षं पेटी फळीवर ठेवली, मग म्हणाले, "उघड आता, निदान आत काय आहे ते तरी कळू दे." ताईने उघडली. पहिली तार छेडली तेव्हा फळीवरची सगळी सुटी कुलपं एकदम थरथरली, आणि ती जी हसत सुटली ती वडिलांनी हटकेपर्यंत हसतच राहिली. शिकवायला कुणी नव्हतं. हॉलच्या बाहेर उभी राहून ती ऐकायची आणि घरी येऊन शोधायची. बँडमधला बेसवाला गाव सोडून गेला तेव्हा मास्तर, जो तेव्हा मास्तर नव्हता आणि ज्याच्या डोक्यावर भरपूर केस होते, दुकानात येऊन म्हणाला होता, "ऐकलंय की तुम्ही वाजवता." तेवढ्या एका वाक्यासाठी ताईने त्याचं पुढचं पुष्कळ काही पोटात घातलं होतं.

सोमवारी ती डॉक्टरकडे गेली. सांध्यांची झीज, डॉक्टर म्हणाले, वय आहे, दाबून करायची कामं टाळा. घरी वहिनीनेही तोच धोशा लावला. वहिनी मनाने चांगली, पण एकच गोष्ट सात वेळा सांगितल्याशिवाय तिला ती सांगितल्यासारखी वाटत नसे.

"ताई, तुम्ही त्या तारा तरी बदला. केवढ्या जाड आहेत त्या! दोरखंड जणू. मऊ मिळत असतील ना?"

"कपडे धुवायच्या दोरीवर वाजवू का?" ताई म्हणाली. पण मंगळवारी ती वाद्यांच्या दुकानात गेली.

ताई सपाट तारा वापरत असे. बेसच्या तारेत मधोमध पोलादाचा गाभा असतो आणि त्याच्याभोवती दुसरी तार गुंडाळलेली असते. ही वरची तार गोल असली की आवाज टणत्कारी येतो आणि हाताला कानशीसारखं खरखरीत लागतं. पण तिच्याऐवजी चपटी पट्टी गुंडाळली की तार गुळगुळीत होते, बोट तिच्यावरून सरसर जातं, आवाज गोल आणि खोल निघतो, आणि एकदा चढवली की वर्षानुवर्षं उतरवावी लागत नाही. ताईच्या चौदा वर्षांपूर्वीच्या होत्या. वाद्यवाल्याने तिच्यासमोर दोन पाकिटं ठेवली. दोन्हींत सपाटच तारा, पण एकीचा ताण कमी, दुसरीचा जास्त.

"तुमच्या वयाला ही कमी ताणाची," तो म्हणाला. "दुसरी तरण्या हातांची आहे, तिच्या नादी लागू नका."

त्याने हे म्हटलं नसतं तर ताईने एकच पाकीट घेतलं असतं. तिने दोन्ही घेतली.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा तिने प्रयोग मांडला. ताईचा लोकांच्या सांगण्यावर विश्वास नव्हता, मोजल्यावर होता. तिने गिटार टेबलावर आडवी ठेवली. सर्वांत जाड तारेच्या बरोबर मध्यावर, जुन्याच संचावर आधी, बारीक वायरचा आकडा करून एक छोटं पितळी कुलूप असं अडकवलं की ते टेबलाच्या कडेवरून खाली लोंबावं आणि तारेला बाजूला ओढावं. तार किती सरकली, ते किल्ल्या मोजायच्या व्हर्निअरने मोजलं आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिलं. मग कमी ताणाचा संच चढवला, तोच सूर लावला, तेच कुलूप अडकवलं. तार दीडपट सरकली.

"म्हणजे मऊ आहे," भाऊ म्हणाला. "प्रश्न मिटला."

"थांब," ताई म्हणाली. "कुलपाला मऊ आहे. मला अजून कळायचंय."

तिने वाजवून पाहिलं. पहिल्या पाच मिनिटांत सुखावली. बोट ठेवावं आणि तारेने लगेच वाकावं. मग तिचा उजवा हात रंगात आला. ताईचा उजवा हात जड, ती तार छेडत नसे, ओढून सोडत असे. ढिली तार त्या झटक्याने लांबवर झुलली आणि दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर खडखड आपटू लागली. खडखड थांबवायची तर तारांखालची घोडी उचलायला हवी. तिने स्क्रू फिरवून घोडी उचलली. आता आवाज स्वच्छ आला, पण बोटाला तारेपासून पट्टीपर्यंत दुप्पट वाट खाली उतरावी लागू लागली. अर्ध्या तासाने करंगळी पुन्हा आखडली. शिवाय बोट जरा जास्त दाबलं गेलं की ती तार सूर सोडून वर पळे. लबाड कुलूप असतं ना, किल्ली लगेच आत घेतं आणि फिरवू देत नाही, तशी ती तार होती.

बुधवारी तिने जास्त ताणाचा संच काढला, आणि इथे तिने अशी चूक केली की वाद्यवाल्याने ऐकली असती तर कपाळावर हात मारून घेतला असता. सपाट तार आधी खुंटीपाशी काटकोनात वाकवायची असते, मगच शेपूट तोडायचं. तसं केलं नाही तर वरची चपटी पट्टी गाभ्यावरून घसरते आणि तार मरते. चौदा वर्षांपूर्वी हे काम वाद्यवाल्याने केलं होतं. ताईने पाहिलं होतं, पण हात दुसऱ्याचे होते. तिच्या हातांना ठाऊक होतं ते किल्लीचं शास्त्र: आधी मोजायचं, मग नेमकं तोडायचं. तिने जाड तार मोजली आणि खटकन तोडली. बोटांखाली पट्टी हळूच फिरल्याचं तिला जाणवलं. चढवून छेडली तर पोतं आपटल्यासारखा आवाज आला, सुराचा पत्ता नाही.

वाद्यवाल्याकडे तसलं दुसरं पाकीट नव्हतं, आणि येणार होतं स्पर्धेनंतर. उरलेल्या तीन तारा तिने नीट वाकवून मग तोडल्या, आणि जाडीच्या जागी चौदा वर्षांची जुनीच तार परत चढवली. तीन नव्या, एक जुनी.

वाजवून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. तारा सरळ होत्या, सच्च्या होत्या, कितीही ओढा, खडखडत नव्हत्या. पण दाबायला लोखंडी सळया. दहा मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली. म्हणजे वाद्यवाला बरोबर, डॉक्टर बरोबर, वहिनी सातही वेळा बरोबर. ताई दुकानाच्या स्टुलावर गिटार मांडीवर घेऊन बसून राहिली. एक गिऱ्हाईक येऊन किल्ली मागून गेलं, भावाने दिली, तिने मान वर केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की पुरे करावं.

मग सवयीने तिने एक गोष्ट केली. कापलेली किल्ली सरळ आहे की वाकलीय हे पाहायला ती नेहमी एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून नजर टाकायची. तिने गिटार उचलली, एक डोळा मिटला, आणि खुंट्यांच्या टोकाकडून दांडीवरून पाहिलं.

दांडी वाकली होती. मध्यभागी चांगली खोल, होडीसारखी.

"अगं बाई," ताई मोठ्याने म्हणाली.

दांडीच्या पोटात एक सळई असते. तिचं टोक वर खुंट्यांपाशी असतं, त्याला सहा कोनांची खाच असते. त्यात किल्ली घालून पीळ दिला की तारांनी वाकवलेली दांडी पुन्हा सरळ होते. हे ताईला माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी वाद्यवाल्याने तिला सांगितलं होतं, "खाचेचे कोने झिजलेत, किल्ली नुसती फिरते. आता ही फिरायची नाही, आहे तशीच वापरा." आणि तिने ऐकून घेतलं होतं! जिने आयुष्यभर लोकांना "दाखवा तर खरं, बघू" म्हटलं होतं, तिने स्वतःच्या गिटारच्या बाबतीत दुसऱ्याचं "होणार नाही" मुकाट घरी आणलं होतं. बारा वर्षं दांडी हळूहळू वाकत गेली, तारा वर चढत गेल्या, ती जास्त जोर लावत गेली, आणि सगळे म्हणत राहिले, वय झालं.

तिला इतका राग आला की बरं वाटलं.

"भाऊ, कडक पोलादाची सळी दे. आणि बारीक कानस."

"आता काय?"

"कुलूप अडलंय."

तिने सळीला सहा कोन पाडले, टोकाकडे किंचित निमुळते, मुळाशी खाचेपेक्षा केसभर जाड, म्हणजे हलक्या हाताने ठोकली की झिजलेल्या कोनांमध्ये रुतून बसेल. पहिली किल्ली सैल झाली. दुसरी शिरेना. तिसरी बसली. ताईने तारा ढिल्या केल्या, श्वास रोखला आणि पाव फेरा दिला. लाकूड कुरकुरलं. वहिनी चहा घेऊन आली होती, ती दारातच थबकली.

"मोडेल हो ताई."

"मोडली तर मोडली. वाकलेली नको मला."

मोडली नाही. ताईने एक दिवस थांबून आणखी पाव फेरा दिला, मग तारा पुन्हा ताणल्या, आणि घोडी खाली, खाली, आणखी खाली आणली. कडक तारा झुलत नाहीत म्हणून त्या पट्ट्यांच्या अगदी जवळ ठेवता आल्या. ढिल्या तारांना हे जमलं नसतं. आता बोटाला खाली जायला वाटच उरली नव्हती. टेकवलं की सूर. तिने एक तास वाजवलं, मग दीड. करंगळी दुखली, झीज काही कुठे पळाली नव्हती, पण आखडली नाही. वहिनी मग आठवडाभर येईल त्याला सांगत होती की तारा बदलायचं आपणच सुचवलं.

स्पर्धेच्या शनिवारी हॉल तुडुंब भरला. मास्तरने तिच्याकडे पाहून मान हलवली, तिनेही हलवली. पहिला तास मजेत गेला. तीन नव्या तारा खणखणीत बोलत होत्या आणि जुनी जाड तार खालून घोगऱ्या आवाजात हो ला हो देत होती. दुसऱ्या तासाच्या शेवटी करंगळी थकली, तेव्हा ताईने ती बाजूलाच ठेवली आणि तीन बोटांवर काम चालवलं. त्यासाठी हात जास्त पळवावा लागे, पण गुळगुळीत तारांवर तो पळत होता. ते म्हातारं जोडपं पाठीवर नंबर लावून नाचत होतं, आणि ताई अधूनमधून त्यांच्या पायांकडे बघून घेत होती.

तिसऱ्या तासात तिला काहीतरी वेगळं ऐकू आलं. खालचा सूर जाड लागत होता, दुहेरी. तिने मास्तरकडे पाहिलं. त्याचा डावा हात कीबोर्डवर खाली, अगदी हळू, तिचेच सूर वाजवत होता.

गाणं संपताच ती त्याच्यापाशी गेली. "हात काढ."

"तुझा हात थकलाय, मला दिसतंय. आधार देतोय."

"मी मागितला?"

"ताई, कुणाला कळणार नाही."

"मला कळतंय. चुकायचं असेल तर माझं मी चुकेन. तुझ्या सुराखाली लपून बरोबर नाही ठरायचं मला. काढ हात, नाहीतर मी उतरते आणि वाजव एकटा."

मास्तरने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि डावा हात उचलून मांडीवर ठेवला.

शेवटचं गाणं सगळ्यांत जलद होतं. ताईने ते सुरू केलं, आणि अर्ध्यावर, जिथे हात एकदम खालून वर न्यायचा होता, तिथे तिचं बोट पट्टी ओलांडून पुढे गेलं. सूर चुकला. बारीकसारीक नाही, धडधडीत चुकला. हॉलभर, फरशीभर, मास्तरच्या कानात आणि तिच्या स्वतःच्याही. ड्रमवाल्याने वर पाहिलं. पण ताईचा हात थांबला नाही. पुढच्या ठोक्यावर ती बरोबर जागी होती, आणि खाली कुणीही अडखळलं नव्हतं. म्हातारा बायकोला गर्रकन फिरवत होता.

टाळ्या झाल्या, हॉल रिकामा होऊ लागला. ताई तारांवरून फडकं फिरवत होती. मास्तर वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून येऊन उभा राहिला.

"एक चुकला," तो म्हणाला.

"एक चुकला," ताई म्हणाली.

"तू म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. सगळ्यांसमोर म्हणाले होते. रागात म्हणाले होते, मूर्खपणा होता. शब्द फिरवतेय मी. सांग सगळ्यांना, म्हातारीने शब्द फिरवला." तिने फडकं पेटीत टाकलं. "एकतीस वर्षं तुझे चुकलेले सूर मी खालून झाकत आले, मास्तर. कधी मोजले नाहीत. आजपासून मोजू?"

ड्रमवाल्याच्या हातून झांज खाली पडली. हसू दाबताना पडली असावी.

"पुढच्या शनिवारी चारला येते," ताई म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. डाव्या हाताची दमलेली करंगळी तिने त्याच्यासमोरच चोळली.

मास्तरने त्या हाताकडे पाहिलं. मग त्याने वह्यांचा गठ्ठा खुर्चीवर आदळला.

"चारला नको," तो म्हणाला. "तीनला ये. नवीन गाणं बसवायचंय, आणि माझा डावा हात त्यात सारखा चुकतोय."